सोलापूरचे ऊन आणि आपली मुले

एप्रिलचा तिसरा आठवडा, दुपारचे साडेबारा. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेली एखादी स्कूटर डोळ्यांसमोर आणा. चालवणाऱ्या आईने डोक्यापासून मानेपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला आहे. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात पांढरा सनकोट, हातांत कोपरापर्यंत मोजे. उन्हाला शिरायला कुठे फट म्हणून नाही. आणि तिच्या पुढ्यात, हँडलला धरून, पाच-सहा वर्षांचे एक मूल उभे आहे. गळ्यात टाय, पायांत काळे बूट, पाठीवर दप्तर. डोक्यावर मात्र काही नाही! सिग्नल सुटेपर्यंतची दीड-दोन मिनिटे ते डोळे बारीक करून समोरच्या ट्रकच्या धुराकडे पाहत असते.

यात त्या आईचा दोष काढण्याचा हेतू नाही. आपण सारेच असे करतो. ऊन ही मोठ्यांना त्रास देणारी आणि मुलांना चालणारी गोष्ट आहे, असा एक समज आपल्या गावात फार खोलवर रुजलेला आहे. ‘आमचे सारे लहानपण उन्हात गेले, आम्हाला काय झाले?’ हा प्रश्न सोलापुरात कोणत्याही कट्ट्यावर ऐकायला मिळेल. प्रस्तुत लेखकही तो विचारणाऱ्यांतलाच. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने भर दुपारी अनवाणी भटकलेली आमची पिढी. पण हा प्रश्न विचारायला जे उरले, तेच तो विचारतात, हे त्यातले न्यून लक्षात यायला बरीच वर्षे जावी लागली.

बालरोगतज्ज्ञ नेहमी सांगतात की, मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. उन्हाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते. हवा शरीरापेक्षा थंड असते तेव्हा याचा फायदा होतो. पण पारा चाळिशीच्या वर गेला की हवाच शरीरापेक्षा गरम होते आणि तीच त्वचा बाहेरची उष्णता आत घेऊ लागते. मुलांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि घाम हाच तर शरीराचा पंखा! शिवाय मुलाची उंची कमी. तापलेल्या डांबरी रस्त्यापासून आपले तोंड पाच फुटांवर असते, त्याचे दोन-अडीच फुटांवर. उन्हाची सवय शरीराला होते हे खरे, परंतु ती हळूहळू होते आणि मुलांना मोठ्यांपेक्षा सावकाश होते. तान्ह्या बाळाचे तर विचारूच नका. त्याला तहान लागली आहे हेसुद्धा दुसऱ्या कुणी ओळखावे लागते.

आता सरकारी इशाऱ्यांकडे वळू. कारण बहुतेक पालक, शिक्षक आणि अधिकारी इशारा आला की जागे होतात. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करायची तर कमाल तापमान किमान ४० अंश तर हवेच, शिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवे. किंवा मग पारा थेट ४५ वर जायला हवा. ही व्याख्या देशभराच्या सोयीची असेल. सोलापूरला मात्र ती गैरसोयीची आहे. मे महिन्यात आपली सरासरीच चाळिशीच्या आसपास असते. म्हणजे ४२ किंवा ४३ अंशांचा दिवस हा सोलापूरच्या हिशेबात ‘लाट’ नसून नुसताच ‘मे महिना’ ठरतो. जो त्रास एखाद्या थंड गावात बातमी होतो, तो आपल्याकडे रोजचा म्हणून नोंदलाही जात नाही. मुलाच्या शरीराला सरासरीशी काहीही देणेघेणे नसते. त्याला ४३ म्हणजे ४३.

आणि चाळीस अंश हा आकडा तरी कुठे रामबाण आहे? १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. तासन्‌तास उघड्यावर बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्या दिवशी त्या भागातला पारा चाळिशीच्या खालीच होता. दमट हवा, सावलीचा अभाव आणि उठून जाता न येणे, या तीन गोष्टींनी घात केला. शाळेच्या मैदानावर कवायतीला किंवा प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत रांगेत बसवलेल्या मुलांनाही उठून जाता येत नसते, हे येथे सहज आठवते.

मुलांचे सर्वांत जास्त ऊन शाळेच्या वेळापत्रकात दडलेले आहे. २०२५ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस राज्याच्या शिक्षण खात्याने उन्हामुळे शाळा सकाळी भरवण्याचा आदेश काढला. प्राथमिक शाळा ७ ते सव्वाअकरा, माध्यमिक ७ ते पावणेबारा. चांगली गोष्ट. पण त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने आणि तेही २५ एप्रिलपर्यंत लांबवण्याचे ठरले. पालक व शिक्षकांनी ओरड केली, कारण सव्वाअकराला सुटलेले मूल घरी पोहोचते ते बाराच्या उन्हात. रिक्षातल्या मुलांचे तर शेवटच्या मुलाला सोडेपर्यंत एक वाजतो. त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला होता. म्हणजे झोपेसाठी नऊ आणि उन्हासाठी सात! दोन्ही निर्णय आपापल्या जागी मुलांच्या हिताचेच. पण दोन्हींच्या मध्ये जे मूल सापडते, त्याची झोपही जाते आणि ऊनही चुकत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. तो आपल्यापासून शंभर किलोमीटरवर आहे. विजापूर, म्हणजे आताचे विजयपुरा, तिथले ऊन आणि आपले ऊन एकच. तिथली मुले १० एप्रिलच्या सुमारास परीक्षा आटोपून सुटीवर जातात आणि शाळा मेच्या अखेरीस उघडतात. कर्नाटक सरकार त्याही पुढे जाऊन एप्रिल-मेमध्ये कलबुर्गी विभागातील जिल्ह्यांत आणि विजयपुरा-बागलकोटमध्ये सरकारी कचेऱ्याच सकाळी ८ ते दुपारी दीड अशा चालवते. तिथल्या कारकुनाला जे ऊन सोसवत नाही असे त्याचे सरकार मानते, ते अक्कलकोटच्या तिसरीतल्या मुलाला सोसवते असे आपले सरकार मानते. सीमारेषेने भाषा बदलत असेल, ऊन बदलत नाही.

बरे, महाराष्ट्राला प्रदेशानुसार वेळापत्रक ही कल्पना अपरिचित आहे का? तीही नाही. उर्वरित महाराष्ट्रात शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि विदर्भात उन्हामुळे आठवडा-दोन आठवडे उशिरा. ही सवलत विदर्भाला मिळाली ती योग्यच. सोलापूरची अडचण मात्र जूनची नाही. जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे वळवाचे चार शिडकावे होऊन गेलेले असतात. आपली अडचण एप्रिलची आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे सांगितले आहे. हे दिवस एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यातच भरून काढले पाहिजेत, असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. पण सोलापूर पुणे विभागात, आणि पुण्याचा एप्रिल सोलापूरच्या एप्रिलपेक्षा सौम्य. निर्णय जिथे होतात तिथे संध्याकाळी गार वारा सुटत असेल, तर दोष कुणाला द्यावा?

शाळेतून सुटलेले मूल घरी येते. आता घर पाहू.

पूर्व भागातल्या कोणत्याही गल्लीत दुपारी दोन वाजता शिरा. पत्र्याची खोली. पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. छत सात-आठ फुटांवर, खिडकी एक, तीही बऱ्याचदा शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. पंखा फिरतो तो छताजवळची गरम हवा खाली ढकलायला. या खोलीत दुपारभर तीन पिढ्या असतात, कारण घर हेच कारखाना आहे. गिरण्या गेल्या, पण विडी राहिली. मांडीवर सूप घेऊन बाई विड्या वळत असते. ओलसर फडक्यात पाने गुंडाळून ठेवलेली, सुपात तंबाखू आणि शेजारी गोधडीवर निजलेले मूल. वाऱ्याने तंबाखू उडते म्हणून पंखा मंद किंवा बंद. म्हणजे ऊन आणि तंबाखू या दोघांत निवड करायची वेळ आली, तर ऊन सोसायचे असे त्या घराने ठरवून टाकलेले असते. दिवसाला ठरावीक विड्या ब्रँचला दिल्या नाहीत तर चूल कशी पेटणार, हा तिचा प्रश्न आहे आणि त्याला बाहेरच्या कुणाकडे सोपे उत्तर नाही.

तंबाखूतले निकोटिन ओढल्यानेच शरीरात जाते असे नाही. ते त्वचेतूनही जाते आणि ओल्या, घामेजलेल्या त्वचेतून अधिक जाते. तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते ती यामुळेच. विडीच्या घरातले रांगते मूल जमिनीवरचे सारे काही हाताने उचलते आणि हात तोंडात घालते. जमिनीवर काय असते, ते वेगळे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्याच्या चार भिंतींत मुलांना कामाला बंदी केली. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळणे हे मुलांसाठी धोक्याच्या कामांच्या यादीत घातले. पण त्याच कायद्यात एक पळवाट होती. जिथे मालक आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करतो, तिथे ही बंदी लागू नव्हती. सोलापूरचा धंदा मुळातच घराघरांत वाटलेला. तेव्हा बंदी कारखान्यात राहिली आणि धंदा घरात. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी आली. शाळा सुटल्यावर घरच्या व्यवसायात हातभार लावायची सूट ठेवली, पण धोक्याच्या कामांना ती लागू नाही. कागदावर हे ठीक झाले. परंतु कायदा ‘काम करणाऱ्या’ मुलाचा विचार करतो. काम न करता नुसते त्या खोलीत श्वास घेणाऱ्या मुलाचा विचार कोणत्या कलमात आहे?

घर आणि काम वेगळे करणे हाच याचा खरा मार्ग आहे आणि सोलापूरला तो अगदीच अपरिचित नाही. विडी कामगार महिलांच्या चळवळीने कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी केली; २००६ मध्ये तिचे हस्तांतर झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले, त्यातली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. नरसय्या आडम मास्तरांच्या राजकारणाबद्दल ज्याचे त्याचे मत असू शकते, पण पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात गेलेल्या मुलांची संख्या मोजली तर हे काम लहान नाही. मात्र घर पक्के झाले तरी सूप घरातच राहिले. वसाहतीत दर दोन-चार गल्ल्यांमागे विड्या वळण्यासाठी हवेशीर सामाईक शेड आणि तिला लागून पाळणाघर, एवढी भर पुढच्या टप्प्यांत घालता आली, तर एका पिढीची फुप्फुसे वाचतील.

छपराचे मात्र आजच करता येण्याजोगे आहे. अहमदाबादचा अनुभव यासाठी मुद्दाम सांगायला हवा. मे २०१० मध्ये त्या शहरात भयंकर उष्म्याची लाट आली. एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्यातून २०१३ मध्ये देशातला पहिला उष्मा कृती आराखडा तयार झाला. त्यातली एक हकिगत अशी की, एका सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. उन्हाळ्यात नवजात बाळे तापाने फणफणून अतिदक्षता विभागात येत. कक्ष खालच्या मजल्यावर हलवला गेला. नंतर डॉक्टरांनी हिशेब मांडला, तेव्हा उष्म्यामुळे दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटल्याचे दिसले. ना नवे यंत्र, ना परदेशी औषध. खाटा खाली आणल्या, इतकेच. आपल्या शहरातील किती प्रसूतिगृहांचे सामान्य कक्ष वरच्या मजल्यावर आहेत, हे नातलगांना डबा पोहोचवताना जिने चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तेलंगणाने २०२३ मध्ये छपरे थंड ठेवण्याचे धोरण जाहीर केले. पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या रंगाने घरातली उष्णता काही अंशांनी उतरते. सोलापूरच्या पूर्व भागातली निम्मी सोयरीक तेलंगणात. लग्नकार्याला गेलेल्यांनी तिथली पांढरी छपरे पाहून यायला हरकत नाही. आपल्याकडे तर चुन्याची सफेदी नवी नाही. दिवाळीला भिंतींना लागणारा चुना मार्चमध्ये पत्र्यावर आणि गच्चीवर मारायचा, एवढाच फरक. अंगणवाड्या आणि महापालिकेच्या शाळा यांपासून सुरुवात केली, तर खर्चही फार नाही.

आता थोडे सूर्यकिरणांबद्दल, कारण ऊन आणि उष्मा या एकच गोष्टी नव्हेत. उष्मा जाणवतो, अतिनील किरण जाणवत नाहीत. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या थोडे वर. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या आतबाहेर सावली पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून खगोलप्रेमी तो साजरा करतात. मुलांना तो जरूर दाखवावा, पण टोपी घालून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर अतिनील किरणांचा निर्देशांक ३ झाला की सावली शोधावी आणि ११ च्या वर तो आत्यंतिक समजावा असे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तो अकराच्या घरात किंवा वर असतो. आपली त्वचा सावळी, तिच्यातले रंगद्रव्य बरेच संरक्षण देते आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या तुलनेत फारच कमी. तेव्हा महागड्या क्रीमच्या जाहिरातींना घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु डोळ्यांना सावळेपणाचे संरक्षण नसते. मुलाच्या डोळ्यातले भिंग अधिक पारदर्शक, त्यामुळे किरण आत खोलवर जातात. मोतीबिंदू साठीत येतो, पण त्याची जमवाजमव लहानपणापासून चालू असते.

ऑस्ट्रेलियाने १९८१ पासून शर्ट, क्रीम, टोपी अशी मोहीम चालवली. तिथल्या अनेक प्राथमिक शाळांत ‘टोपी नाही तर खेळ नाही’ असा साधा नियम आहे. गंमत म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत एके काळी पांढरी टोपी हा गणवेशाचाच भाग होता. ती शिस्तीसाठी होती, उन्हासाठी नव्हे, आणि जुनाट वाटू लागली म्हणून गेली. तिच्या जागी टाय आला. सोलापूरच्या एप्रिलमध्ये गळ्याला आवळणारा टाय हवा आणि डोक्यावर टोपी नको, हे कुणी ठरवले असेल?

‘पण मग ड जीवनसत्त्वाचे काय?’ असे सुजाण पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. एवढे ऊन असूनही आपल्याकडे या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. मात्र अगदी कोवळ्या उन्हात ते तयार होते, हा समज फारसा खरा नाही. ज्या किरणांनी ते तयार होते ते सकाळी सातला फार थोडे असतात. हातपाय उघडे ठेवून साडेनऊ-दहाच्या सुमारास थोडा वेळ खेळणे पुरते. त्यासाठी साडेबाराला कवायत नको.

पाण्याचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. वर्षानुवर्षे तीन-चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी साठवायचे, आणि साठवलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडायची, हे चक्र प्रत्येक सोलापूरकराला पाठ आहे. हा डास दिवसा चावतो, म्हणजे घरात असलेल्या मुलाला आधी. पिंपावर घट्ट झाकण आणि आठवड्याला एकदा पिंप घासून कोरडे करणे, याला पर्याय नाही. उन्हाचे म्हणाल तर घरचे ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील ही आपली जुनी औषधे उत्तमच आहेत. दुकानातल्या रंगीत खोक्यांपासून मात्र सावध राहावे. साखरेच्या पाण्यावर ‘ओआरएस’ लिहून विकण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली. जुलाब झालेल्या मुलाला तसले गोड पाणी दिले तर जुलाब वाढू शकतात. एक लिटर पाण्यात मिसळायची साधी पुडी औषधाच्या दुकानात आणि आरोग्य केंद्रात मिळते.

हे सारे कुणी करायचे? वेळापत्रक बदलणे मुंबईच्या हाती, वसाहतीतल्या शेड पुढाऱ्यांच्या हाती. पण एक जागा पालकांच्या हाती आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. या बैठकांना आपण जातो ते बहुधा सही करून चहा घेण्यापुरते. पुढची बैठक फेब्रुवारीत असेल तर विषयपत्रिकेवर तीन गोष्टी लिहून घेता येतील: पत्र्यावर चुना, पाण्याच्या टाकीवर सावली आणि गणवेशात टायऐवजी टोपी. ठराव झालाच, तर चुन्याची पोती मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणलेली बरी. नंतर पत्र्यावर चढणारा माणूस मिळत नाही.